जन्माची रेघ

"ह्याला वायू शुद्ध हवा, गारवाही ह्यालाच हवा, आणि आपण मात्र एप्रिलच्या उकाड्यात स्वेटर घालून बसायचं," उराय पुटपुटली. "ह्याच्यापेक्षा सासू बरी. सासू निदान दुपारची झोपते."

ती कोणाला उद्देशून बोलत नव्हती. पण खोली इतकी अरुंद होती की तिचं कोपर रोहानीच्या कोपराला लागत होतं, त्यामुळे तिची प्रत्येक कुरकुर रोहानीच्या कानातच पडायची. 'हा' म्हणजे यंत्र. विद्यापीठाच्या इमारतीत सगळ्यात थंड खोली ह्याची, आणि सगळ्यात जास्त लाडही ह्याचेच. त्याच्या काचेखाली दाताचा उभा काप ठेवायचा, नखाच्या टोकाएवढा. त्यावर लेझरचा झोत पडायचा आणि केसाहून बारीक खड्डा पडायचा. खड्ड्यातून उडालेली धूळ डोळ्यांना दिसायचीही नाही. ती वायूबरोबर नळीतून पलीकडच्या ज्योतीत जायची, तिथे तिचे कण न् कण सुटे व्हायचे, आणि मग यंत्र ते वजनावरून ओळखून सांगायचं. कॅल्शियम एवढं, जस्त एवढं, शिसं एवढं. एक खड्डा झाला की शेजारी दुसरा. पडद्यावर रेघ पुढे सरकत राहायची.

किनाऱ्यावरच्या गावांतल्या पोरांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायचं काम दोन वर्षं चाललं होतं. होड्या दुरुस्त करणाऱ्या गावांत पोरांच्या रक्तात शिसं सापडत होतं. ते कधी शिरलं हे रक्त सांगत नाही, दात सांगतो. दात झाडाच्या खोडासारखा थराथराने वाढतो, आणि त्या थरांमध्ये एक गडद रेघ असते. मूल जन्मतं त्या दिवसाची. जन्माचा धक्का दातालाही बसतो, असं त्यांचे आचान, म्हणजे मोठे सर, विद्यार्थ्यांना सांगायचे. रेघेच्या आत आईच्या पोटातले महिने. रेघेच्या बाहेर हे जग.

दातांवर नावं नसायची, नुसते आकडे असायचे. पण काचेखाली आत्ता जो दात होता तो रोहानीला आकड्याशिवायही ओळखू आला असता. खालचा, पुढचा, उजव्या कोपऱ्याला टवका उडालेला. तिची भाची हुस्ना धक्क्याच्या पायरीवर तोंडावर पडली होती तेव्हा उडाला होता तो टवका. दात पडला तेव्हा रोहानीनेच तो औषधाच्या डबीत कापसात गुंडाळून आणला होता. हुस्ना द्यायला तयार नव्हती. खालचा दात छपरावर फेकायचा असतो, म्हणजे नवा सरळ येतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाकी फारसं काही तिला ठाऊक नव्हतं. सात वर्षांची झाली तरी ती "एक, दोन, दोन, दोन" असं मोजायची आणि मोजून झाल्यावर खूश व्हायची. "यंत्राला दाखवते आणि परत आणते," असं रोहानी म्हणाली तेव्हा कुठे मुठीतून दात सुटला.

रेघ जन्मापर्यंत जवळजवळ सपाट आली. गडद पट्टा ओलांडला आणि ती उठली. लेझर खड्ड्यामागून खड्डा पाडत गेला आणि ती चढतच राहिली, मग वरच्या वर थांबली, मग हळूहळू उतरली. पुढे थोडी वरखाली होत होती, पण तेवढी तर त्या गावातल्या कुठल्याही दातात असते.

उरायने चष्मा कपाळावर सरकवला. "पोटातलं नाही हे. बाहेर आल्या आल्या मिळालंय. काय पाजलं कोणी ह्या पोराला?"

"पोरीला," रोहानी म्हणाली.

उरायने तिच्याकडे पाहिलं. दाताच्या तुकड्यावरून पोरगा की पोरगी हे यंत्र सांगत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. उरायने जास्त विचारलं नाही. उठली, दोन कप चहा करून आणला, आणि रोहानीसमोरचा निवत गेला तरी "पी की" असंही म्हणाली नाही.

काही पाजलं नव्हतंच. शेकलं होतं.

रोहानीची आई, जिला सगळं गाव मा याह म्हणायचं, धाकट्या मुलीच्या, सालमाच्या, बाळंतपणाची तयारी सातव्या महिन्यापासून करत होती. त्यांच्याकडे बाळंतिणीला बाजेवर निजवून बाजेला लागून विस्तव ठेवतात, दीडएक महिना, रात्रंदिवस. बाळही तिच्याच कुशीत. धुराने, धगीने अंगातला गारवा निघून जातो. त्याला लाकूड चांगलं लागतं. कडकडणारं नको, ठिणग्या उडवणारं नको, सावकाश जळणारं हवं. आणि मा याहच्या घरामागे माडाखाली असं लाकूड पालथं पडून होतं. नवऱ्याची होडी.

अयाह, म्हणजे रोहानीचा बाप, जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. रंगवलेली, नक्षीची, जुन्या घडणीची होडी. एक हॉटेलवाला ती बागेत ठेवायला मागत होता. मा याहने त्याला फाटकातूनच परत पाठवला. "परक्याच्या बागेत कुंडी होण्यापेक्षा नातवंडाला ऊब देईल," ती म्हणाली, आणि होडी फोडून फळ्या ओट्याखाली रचल्या. सुईणीनेसुद्धा वाखाणलं. असं लाकूड हल्ली बघायला मिळत नाही, म्हणाली.

फळ्यांच्या सांधींत काय होतं ते कोणाच्या मनातही आलं नाही. येण्यासारखं ते नव्हतंच. गावातली प्रत्येक होडी अशीच भरतात. फळ्यांच्या मध्ये सुताचे पिळे ठोकायचे, वरून राळ, तेल आणि शेंदूर मळून लिंपायचं. शेंदूर म्हणजे शिसंच, पण बोटांना लागलेला लाल रंग भात खाताना शर्टाला पुसावा, इतकं ते रोजचं. अयाह तर दर वर्षी सांधी उकरून नव्याने लिंपायचा. शेंदराच्या बाबतीत त्याचा हात सढळ होता. लाकडानेही तो पिऊन घेतला होता, वर्षानुवर्षं.

बाळाचे केस उतरवायच्या दिवशी रोहानी शहरातून गेली होती. शेगडीत फळीचं टोक जळत होतं, त्यावर रंगवलेल्या पाखराची चोच होती. रंगाला फोड येत होते. तिला वाईट वाटलं होतं ते त्या चोचीचं. सालमा पोटात कळा येतात म्हणून कण्हत होती. बाळ दूध ओढत नव्हतं, रडून रडून जांभळं होत होतं. "गारवा शिरलाय दोघींच्या पोटात," मा याह म्हणाली होती, आणि अजून एक फळी आत सारली होती.

आता तो गारवा कसला होता ते रोहानीच्या पडद्यावर होतं.

हुस्ना तीन वर्षांची होईपर्यंत बोलली नाही तेव्हा दवाखान्यात रक्त तपासलं, आणि शिसं निघालं. आरोग्य केंद्रातली बाई म्हणाली, घरात होड्यांचं काम कोण करतं? त्यांच्या कपड्यांवरून येतं हे. सगळ्यांच्या माना मायिदकडे वळल्या. मायिद, सालमाचा नवरा, ज्याला ती 'अबे' म्हणून हाक मारायची, धक्क्याजवळच्या कारखान्यात सांधी भरायचा. हुस्ना जन्मली तेव्हा तो लांबच्या बंदरातल्या मोठ्या बोटीवर होता, ती बसायला लागली तेव्हा परत आला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. पण त्या दिवशी कोणाला ती आठवली नाही, आणि पुढे आठवण्याची सोय राहिली नाही.

मायिदने वाद घातला नाही. आधी तो कपडे कारखान्यातच बदलायला लागला, मग तिथेच झोपायला लागला. काम बदलून पाहिलं, पण मासळीच्या बर्फगाडीवर त्याची कंबर गेली. शुक्रवारी नमाज झाल्यावर तो यायचा, नवा शर्ट घालून, नखं चाकूने खरवडून. आत यायचा नाही. पायरीवर बसायचा. हुस्ना धावत गेली की हात मागे घ्यायचा.

"मायिद, खालच्या पायरीवर बैस," मा याह आतून म्हणायची. "वारा घराकडे वाहतोय."

त्याचं ताट वेगळं, पेला वेगळा. रमजान उलटला की इमामाकडे जाऊन वेगळं व्हायचं, असं सालमाच्या आणि मा याहच्या बोलण्यात येऊन गेलं होतं. निदान मा याहच्या बोलण्यात आलं होतं आणि सालमाने नाही म्हटलं नव्हतं. दात द्यायला सांगितला तोही मा याहनेच. "ने तुझ्या यंत्राकडे," ती रोहानीला म्हणाली होती. "एकदा कागदावर येऊ दे. मग हा पायरीवरूनही उठेल."

कागद आता रोहानीच्या पिशवीत होता. आचान म्हणाले होते, घरोघरी आपण सगळे जाऊ, तू गावची भाषा सांभाळ. रोहानी म्हणाली, आमच्या घरी मी एकटीच सांगते. त्यांनी मान हलवली. त्यांना वाटलं असेल, घरचं माणूस हळुवार सांगेल.

व्हॅनमध्ये ती खिडकीशी बसली आणि शहर मागे पडेपर्यंत तिने तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली. पहिलं खरं होतं, आणि ते म्हटलं की आई संपली. दुसरं होतं, दात नीट कापला गेला नाही, काही कळलं नाही. ते म्हटलं की मायिद पायरीवरून उठणार, सालमा इमामाकडे जाणार, आणि हुस्ना शुक्रवारी कोणाकडे धावत जाणार? तिसरं अर्धं खरं होतं. मायिदचं नाही, एवढंच सांगायचं. पण मग कोणाचं, हे मा याह विचारणारच. कालवणात मीठ कमी पडलं तरी कोणी टाकलं ते शोधून काढणारी बाई ती.

आणि कुठलंही वाक्य म्हटलं तरी हुस्ना दोनच्या पुढे जाणार नव्हती. ह्या विचारापाशी रोहानी प्रत्येक वेळी येऊन थांबायची. यंत्राला एवढा शुद्ध वायू, एवढा गारवा, एवढे लाड. आणि त्याने सांगितलं काय, तर वेळ कधी निघून गेली ते.

घरी भात झाला होता, बुदूचा, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या रसाचा, वास येत होता. मा याह मासळीचे पापड उन्हातून आत घेत होती. मायिद पायरीवर होता, खालच्या. हुस्नाने मावशीला पाहिलं आणि हात पुढे केला.

"माझा दात."

रोहानीने डबी दिली. अर्धाच उरला होता, कापलेल्या बाजूने काचेसारखा गुळगुळीत. हुस्नाने तो उलटसुलट करून पाहिला.

"यंत्राने खाल्ला," ती म्हणाली.

"थोडासाच खाल्ला."

"मग नवा दात अर्धा येणार." तिला रडू आलं नाही. तिने नुसतं मान्य केलं आणि बापाला दाखवायला गेली. मायिदने हात पाठीमागे ठेवून, वाकून दात बघितला.

"छान आहे," तो म्हणाला. "अर्धा हलका असतो, लांब जातो. फेक."

तिने फेकला. पन्हाळीला लागून तो परत खाली आला. तिने पुन्हा फेकला.

"झालं का देणंघेणं?" मा याह म्हणाली. "रोहानी, कागद काढ. सालमा, गॅस बंद कर नि बैस इथे. मायिद, तूही ऐक. तुझ्यासाठीच आहे."

"जेवून घेऊ आधी," रोहानी म्हणाली.

"जेवण कुठे पळत नाही. चार वर्षं थांबलेय मी."

रोहानीने कागद चटईवर उलगडला. मा याहने तिच्या नाकावरचा चष्मा स्वतःच काढून घेतला आणि आपल्या नाकावर चढवला. तिला अक्षरं यायची नाहीत, पण रेघा कळायच्या. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं तिने लाटांचे आणि वाऱ्याचे तक्ते पाहिले होते.

"ही उभी कसली?"

"तो जन्म, मा. त्याच्या ह्या बाजूला पोटात होती."

"इथे काही नाही."

"नाही."

"म्हणजे सालमाच्या अंगातून नाही." मा याहने समाधानाने मान हलवली. सालमाने डोळे मिटून घेतले, चार वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी तिला हे सांगत होतं. "आणि हा डोंगर?"

रोहानी कागदाची घडी तळहाताने सपाट करत राहिली.

"का," सालमा म्हणाली. थोरल्या बहिणीला ती तशीच हाक मारायची. "हा डोंगर केव्हाचा?"

"जन्मल्यावरचा. लगेचचा." रोहानीला आपला आवाज प्रयोगशाळेतल्यासारखा कोरडा ऐकू आला. "पहिला दीडएक महिना. मग उतरतो. मायिद घरी आला तेव्हा तो उतरून गेला होता. त्याच्यानंतरचं हे बघ, हे एवढं तर शेजारच्या पोरांच्याही दातांत आहे."

पायरीवर मायिद उठून उभा राहिला आणि मग, कुठे जायचं ते न सुचून, परत बसला. बाहेर दात पन्हाळीवर टणकन वाजला.

"तेव्हा हा नव्हता," सालमा म्हणाली. हळू म्हणाली. "का, तेव्हा अबे इथे नव्हताच. मला बाळंतपणात त्याचा फोन यायचा, आवाज तुटायचा." तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. चार वर्षांचं एकदम बघवत नव्हतं. "मग हे आलं कुठून?"

ती विचारून गेली आणि त्याच क्षणी तिलाही कळलं. रोहानीला ते दिसलं. सालमाची नजर खोलीच्या कोपऱ्याकडे गेली, जिथे बाज असायची. तिथली जमीन अजून काळी होती, नवी चटई टाकली तरी कडेने दिसायची. तिने नजर तिथून उचलली ती थेट कागदावर आणून ठेवली, जड वस्तू ठेवावी तशी.

"पाणी असेल," सालमा म्हणाली. "तेव्हा आपलं विहिरीचं पाणी होतं ना. नळ नंतर आला."

"असेल," रोहानी म्हणाली.

"दुपटं," मायिद बाहेरून म्हणाला. त्याने घसा साफ केला. "मी बंदरातून दुपटं पाठवलं होतं. झगझगीत होतं फार. त्याच्या रंगात असणार. माझ्याच हातचं ते."

"ते दुपटं कधी वापरलंच नाही," सालमा म्हणाली, आणि म्हटल्यावर ओठ चावला.

"मग माझ्या चिठ्ठीबरोबर आलं असेल. मी बोटीवरही लिंपायचं काम करायचो. कागदाला लागलं असेल." त्याच्या आवाजात विनवणी होती. चार वर्षं त्याने हा आरोप पाठीवर वाहिला होता आणि आता तो उतरवू नका म्हणून तो विनवत होता. "थोडंसंही पुरतं ना, रोहानी? तुम्हीच म्हणता ना, थोडंसं पुरतं?"

"पुरतं," रोहानी म्हणाली. "यंत्र किती ते सांगतं, मायिद. कशातून आलं ते नाही सांगत."

हे खोटं नव्हतं. व्हॅनमध्ये न सुचलेलं चौथं वाक्य हे होतं, आणि आता सुचलं म्हणून तिला आपलीच शरम वाटली. तिघांनी मिळून विहीर, दुपटं, चिठ्ठी, सुईणीचं तेल, न्हाणीतला डबा, एकेक करून चटईवर मांडलं, आणि प्रत्येकाने ते उचलून पाहिल्यासारखं केलं. मा याहकडे कोणी बघत नव्हतं.

तिने चष्मा काढला. ओढणीच्या टोकाने पुसला, रोहानीला परत दिला. मग बोट कागदावर ठेवलं, उभ्या रेघेवर, आणि डोंगराच्या कडेकडेने वर नेलं, जिथे तो सपाट होतो तिथे थांबवलं, आणि पलीकडे उतरवलं. हळूहळू, जखमेवरून बोट फिरवावं तसं. उतार संपला तिथे तिचं बोट थांबलं.

"इथे फळ्या संपल्या," ती म्हणाली.

"मा, पाण्याचं बघू आधी," सालमा घाईने म्हणाली. "रोहानी विहिरीचं पाणी नेईल तपासायला."

"विहीर बुजवली त्याला पाच वर्षं झाली." मा याहने पायरीकडे पाहिलं. मायिदने मान खाली घातली होती, गुन्हा सिद्ध झाल्यासारखी. त्याच्या शेजारी हुस्ना येऊन बसली होती, धाप लागलेली, हातात अर्धा दात तसाच. तिने डोकं त्याच्या दंडाला टेकलं, आणि हात मागे घ्यायचं त्याच्या लक्षात आलं नाही.

"शिसं ह्याच्या कपड्यांतून नाही आलं," मा याह म्हणाली. "तुमच्या अयाहची होडी मी जाळली. पोरगी रडली की मी गारठली म्हणायचे, आणि अजून एक फळी घालायचे. आणि तिचं डोकं शेगडीकडे मीच केलं होतं. तिला जास्त ऊब मिळावी म्हणून."